खरं सांगू, की हो ला हो म्हणू? : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासोबत स्वतःला बदलताना

कोरांटी | ४ ऑगस्ट, रात्री ११.२०

सासूबाईंना (घरात आम्ही सगळे आईच म्हणतो) अल्झायमर असल्याचं निदान होऊन साडेतीन वर्षं झाली. वय ७९. वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी ३१ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. आता आमच्याकडे चिंचवडला असतात.

रोज दिवेलागणीला त्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. "हे अजून कसे आले नाहीत?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. सुरुवातीला माझा नवरा खरं ते सांगायचा. "आई, बाबा गेले गं." दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. दर वेळी तेच कोसळणं. पंधरा मिनिटांत बातमी विसरून जायच्या, पण रडणं अंगात राहायचं. रात्री जेवायच्या नाहीत, का जेवत नाही ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मग मी पुढाकार घेतला आणि घरात सगळ्यांना एकच उत्तर शिकवलं, "बाबा वाईला गेलेत, उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या म्हणालेत." माझा तेरा वर्षांचा मुलगासुद्धा हे सहज म्हणू लागला. दीड वर्ष सुरळीत गेलं. मला वाटलं, जमलं आपल्याला.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अगदी शाळेतल्या बाईंसारख्या. म्हणाल्या, "पहिलीतल्या पोरांशी बोलतात तशी बोलतेस तू. ते गेलेत ना? मला कुणी सांगत का नाही?"

मला काही सुचेना. तोंडातून सवयीने निघालं, "नाही हो आई, येतील ना." तिथेच चुकलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्या हातून गोळ्या घेतल्या नाहीत. काय खोटं बोलले ते त्यांच्या लक्षात नव्हतं, पण ही खोटं बोलते एवढं बरोबर लक्षात होतं. अजूनही अधूनमधून संशयाने बघतात. रात्रीची झोपही बिघडली आहे.

खरं सांगण्याचा नियम मोडून मी हो ला हो म्हणण्याचा नियम केला. आता तोही चालत नाही. मी हिशेबाचं काम करणारी बाई आहे, फ्रिजवर वेळापत्रक लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण या आजारात कुठलीही गोष्ट कायमची टिकत नाही असं दिसतंय. तुम्ही काय करता? आज कसं वागायचं हे तुम्हाला कशावरून कळतं?

---

सातूचं_पीठ | ४ ऑगस्ट, रात्री ११.५२

कोरांटी, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे आजी होती, तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. "म्हातारपणाने भ्रमिष्ट झाली" एवढंच म्हणायचे आणि खोलीला बाहेरून कडी लावायचे. मी लहान होते. ती आतून दार वाजवायची तो आवाज अजून कानात आहे. तुम्ही निदान विचारताय तरी.

---

ओपीडीनंतर | ५ ऑगस्ट, सकाळी ६.४०

वागण्याबद्दल इथले अनुभवी लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आधी एक वैद्यकीय गोष्ट सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यातला "गेल्या महिन्यात" हा शब्द मला खटकला.

अल्झायमर हळूहळू वाढत जातो. त्यात काही दिवसांत किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत अचानक संशय वाढला, झोप उलटी झाली, माणूस वेगळंच वागायला लागला, तर "आजार वाढला" असं समजून गप्प बसू नका. वर दुसरं काहीतरी बसलेलं असण्याची शक्यता मोठी असते. सोडियम कमी होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, कुठेतरी दुखत असणं आणि ते सांगता न येणं. आणि औषधं! सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, लघवी रोखण्यासाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांनी अशा माणसाचा गोंधळ वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो, त्याने वयस्क माणसांचं सोडियम उतरतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. नुसती यादी नेऊ नका, पाकिटंच न्या.

लघवीच्या तपासणीबद्दल एक सांगतो. या वयात ताप, जळजळ असं काही नसतानाही जंतू सापडतात. अहवालात जंतू दिसले म्हणून लगेच प्रतिजैविक सुरू करायचं नसतं.

सगळाच स्मृतिभ्रंश अल्झायमर नसतो हेही इथे लिहून ठेवतो, कारण वागणं त्यावरही ठरतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा प्रकार पायऱ्या उतरल्यासारखा जातो. बरेच दिवस तसाच, मग एकदम खाली. लेवी बॉडी प्रकारात माणूस सकाळी स्वच्छ आणि दुपारी हरवलेला असं होतं, नसलेली माणसं आणि प्राणी अगदी ठळक दिसतात, आणि अशा रुग्णाला भास शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर धोका होऊ शकतो. फ्रंटोटेम्पोरल नावाच्या प्रकारात आठवण बऱ्यापैकी शाबूत असते, आधी स्वभाव बदलतो, आणि घरचे वर्षानुवर्षं त्या माणसाला निर्लज्ज किंवा हट्टी समजत राहतात.

तुम्ही एकट्या नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. प्रमाण बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त.

---

कृष्णाकाठ | ५ ऑगस्ट, दुपारी १.१५

माझे वडील मिरज आगारात वाहक होते. ३४ वर्षं एसटीत नोकरी. आई गेल्यावर वर्षभरात त्यांचं सुरू झालं. रात्री अडीचला उठायचे आणि खाकी शर्ट शोधायचे. सव्वापाचची गाडी काढायची आहे म्हणायचे.

आधी आम्ही समजावलं. "अण्णा, तुम्ही रिटायर झालाय." ते ऐकून घ्यायचे आणि चपला घालायचे. मग भावाने दाराला कुलूप लावलं, तर त्यांनी खिडकीची काच फोडली, हात कापला. त्या रात्री दवाखान्यात टाके घालताना मला जाणवलं की हा माणूस आडमुठेपणा करत नाही. ३४ वर्षं ज्याने एकदाही गाडी चुकवली नाही, त्याला आज आपण गाडी चुकवायला लावतोय. त्याच्या जागी मी असतो तर मीही काच फोडली असती.

दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. चामड्याची बॅग घरात होतीच. जुन्या बाजारातून तिकिटांचा ट्रे आणि पंच मिळवला. रात्री उठले की मी म्हणायचो, "अण्णा, गाडी लागायला वेळ आहे, तोवर वेबिल भरून घ्या." वेबिल म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद. मग ते खुर्चीत बसून ट्रे लावायचे, सुट्टे पैसे मोजायचे, कागदावर आकडे मांडायचे. पंचचा टिकटिक आवाज पहाटेपर्यंत यायचा. पाचला चहा, मग झोप. चार महिने असे गेले. मी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगत सुटलो होतो.

मग एका रात्री ते रडताना सापडले. हिशेब जुळेना. कॅश कमी पडतेय, आता चार्जशीट मिळणार. थरथरत होते अक्षरशः. मी खिशातले पैसे घातले, तरी जुळेना, कारण आता त्यांना बेरीजच जमत नव्हती. ज्या वस्तूंनी त्यांना चार महिने धीर दिला, त्याच आता त्यांना खायला उठल्या होत्या. मला हे सांगायला त्रास होतो, पण मी आणखी आठवडाभर तो ट्रे ठेवला. इतक्या मेहनतीने शोधलेला उपाय सोडवत नव्हता. माझा जीव त्या उपायात अडकला होता, अण्णांचा नव्हता.

शेवटी ट्रे माळ्यावर गेला. त्यानंतर दुपारी त्यांना स्टँडवर नेऊन बाकावर बसवायला लागलो. गाड्या येतात, जातात, घोषणा होतात. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. तासाभराने स्वतःच म्हणायचे, "चला." घरी येऊन शांत झोपायचे.

कोरांटी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण एखादी गोष्ट चालेनाशी झाल्याची खूण मला आता कळते. आपण ती गोष्ट जास्त जोर लावून, जास्त वेळा करायला लागतो. तसं झालं की मी थांबतो.

---

अबोली_ठाणे | ५ ऑगस्ट, रात्री ९.०५

मी थोडं वेगळं बोलणार आहे, कुणाला दुखवायचं नाही.

माझे वडील कोर्टात नोकरीला होते. निदान झालं तेव्हा ते बरेच शाबूत होते. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "माझं डोकं जाईल तेव्हा जाईल, पण मला फसवू नका." तो शब्द मी दिला होता. त्यामुळे "येतील हं", "गेलेत बाहेर" हे माझ्याच्याने होत नाही. आपण खोटं बोलतो तेव्हा नकळत त्या माणसाला खालच्या पायरीवर ठेवतो. तुमच्या सासूबाईंनी नेमकं तेच ओळखलं. त्यांना दुःख बाबांचं झालंच, पण आपल्याला लहान पोरासारखं वागवतात याचं जास्त झालं असावं.

माझे वडील त्यांच्या थोरल्या भावाला शोधतात. काका जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हणते, "आठवण येतेय ना काकांची? तुम्ही दोघं नदीत पोहायला जायचात, तेव्हा आजी काठावर काठी घेऊन उभी राहायची ना?" मग ते बोलत सुटतात. यात मी खोटंही बोलले नाही आणि काका गेल्याचंही तोंडावर मारलं नाही. बहुतेक वेळा माणूस कुठे आहे हे त्यांना विचारायचंच नसतं. त्या माणसाबद्दल बोलायचं असतं.

आणि सरळ विचारलं, "गेला का गं तो?" तर मी "हो" म्हणते. हात धरून बसते. रडू देते. दुःख करायचा हक्क त्यांचा आहे.

प्रामाणिकपणे हेही लिहिते की गेल्या हिवाळ्यापासून त्यांना "हो" ऐकूनही अर्थ लागत नाही, नुसता आवाज ऐकून घाबरतात. तेव्हापासून मीही थोडी सैल झाले आहे. दिलेला शब्द मोडला का मी? रोज विचार करते.

---

कोरांटी | ५ ऑगस्ट, रात्री १०.३०

अबोली, नाही मोडलात. तुम्ही ज्याला शब्द दिला तो माणूस, आता समोर आहे त्याला घाबरवायला नक्कीच तयार झाला नसता.

ओपीडीनंतर, उद्याच वेळ घेते. जूनमध्ये रक्तदाबाची गोळी बदलली होती, ती आता डोक्यात आली.

कृष्णाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून आईंच्या खोलीत जाऊन बसला.

---

जुनी_सायकल | ६ ऑगस्ट, पहाटे ४.५०

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. नाशिकला असतो. माझं वय ७६, पत्नीचं ७२. आमचं लग्न १९७३ साली झालं. तिला निदान होऊन पाच वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री ती मला पाहून किंचाळली. "कोण तुम्ही? माझे मालक आले तर काय म्हणतील?" मी दिवा लावला, नाव सांगितलं. ती पदर घट्ट ओढून कोपऱ्यात बसली. सकाळी मी लग्नाचा अल्बम काढला. फोटोवर बोट ठेवून म्हटलं, हा मी. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "हे तरुण आहेत. तुम्ही म्हातारे आहात."

त्या दिवशी मला कळलं की तिच्या मनात ती तिशीतली आहे. तिशीतल्या बाईच्या खोलीत एक म्हातारा परपुरुष शिरतो, हे तिच्या जागी बसून पाहिलं तर भयंकरच आहे. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. आठ महिने मी अल्बम, लग्नपत्रिका, मुलांचे फोन, सगळं करून पाहिलं. मला माझी जागा परत हवी होती. जितका मी नवरा असल्याचं सिद्ध करत होतो, तितकी ती मला घाबरत होती.

मग एकदा ती मला "भाऊजी" म्हणाली. मी तिच्या नवऱ्यासारखा दिसतो, म्हणून दीर असेन असं तिने ठरवलं असावं. मी दोन दिवस रडलो, आणि मग भाऊजी झालो. आता मी दिवाणखान्यात झोपतो. खोलीच्या दाराशी थांबून विचारतो, "वहिनी, आत येऊ?" ती म्हणते, "या भाऊजी, बसा." आंघोळ आणि कपडे सकाळच्या मावशी बघतात, तिथे मी जात नाही. मी स्वयंपाक करतो. वरणफळं, मऊ भात, मेतकूट. ती म्हणते, "भाऊजी, तुम्हाला बरं येतं हो सगळं." ५० वर्षांत मी कधी चहा केला नव्हता.

मागच्या दिवाळीत पाडव्याला ती मला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना निरोप द्याल का, मी वाट बघतेय म्हणून?" मी म्हटलं, "देतो."

अबोलीताई, हे खोटं आहे का हे मला ठरवता येत नाही. निरोप मला पोहोचला, एवढं खरं.

---

पवनचक्की | ६ ऑगस्ट, दुपारी ३.१०

जुनी_सायकल, काका, नमस्कार करतो तुम्हाला.

मी नेदरलँड्समध्ये अमस्टेलव्हेनला असतो, आई कोल्हापूरला बहिणीकडे. लांब राहणाऱ्यांनी काय करू नये ते मी माझ्या चुकांवरून सांगतो.

दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून मी पहिला प्रश्न विचारायचो, "आई, ओळखलंस का?" मला वाटायचं मी तिच्याशी बोलतोय. बहीण म्हणाली, "तू तिची परीक्षा घेतोस. फोन ठेवल्यावर ती दिवसभर अस्वस्थ असते, आपलं काहीतरी चुकलं म्हणून." आता मी सुरुवातच करतो, "आई, मी तुझा धाकटा बोलतोय, आज इथे पाऊस आहे." प्रश्न विचारत नाही. कधी कधी ती फोनमधल्या चेहऱ्याला घाबरते, तेव्हा नुसता आवाज. कधी तोही नको असतो, मग मी बहिणीशी बोलतो आणि ती शेजारी बसून ऐकते.

दुसरी चूक मोठी. दोन वर्षांपूर्वी तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन मी तिची खोली "सोयीची" केली. नवा पलंग, नवे पडदे, जुनं लाकडी कपाट काढून टाकलं. तिला रात्री बाथरूम सापडेना. ती त्या कपाटाला हात लावत लावत जायची, हे फक्त बहिणीला माहीत होतं, आणि मी तिला विचारलंच नव्हतं. मी विमानात बसलो आणि पुढचे दोन महिने बहिणीने रोज रात्री चादरी बदलल्या. तिची मी माफी मागितली आहे, इथेही मागतो.

इथे अ‍ॅमस्टरडॅमजवळ वेस्प गावात होगेवेक नावाची वसाहत आहे, २००९ पासूनची. स्मृतिभ्रंश झालेली दीडशेहून जास्त माणसं तिथे सहा-सात जणांच्या घरांत राहतात. वॉर्ड नाही. किराणा दुकान आहे, उपाहारगृह आहे, बाग आहे. काम करणारे साध्या कपड्यांत असतात. आपण माणसाला आपल्या व्यवस्थेत बसवायला बघतो, त्यांनी व्यवस्थाच माणसाभोवती वळवली. अर्थात ते महाग आहे आणि सरकारी पैशावर चालतं, आपल्याकडे उद्या तसं होईल असं म्हणत नाही. पण कपाट जागेवर ठेवायला पैसे लागत नाहीत.

कृष्णाकाठ, तुमचा स्टँड वाचून आठवलं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये एका वृद्धाश्रमाबाहेर नकली बसथांबा उभारला होता. घरी जायचं म्हणून बाहेर पडलेली माणसं थांबा दिसला की तिथे जाऊन बसायची, मग कुणीतरी शेजारी जाऊन बसायचं, गप्पा मारायचं आणि आत चहाला बोलवायचं. त्यावर तिकडे बराच वाद झाला, हे फसवणं नाही का म्हणून. म्हणजे अबोली यांचा प्रश्न जगभर आहे.

---

कृष्णाकाठ | ६ ऑगस्ट, रात्री ८.००

आमच्या स्टँडवर खऱ्या गाड्या होत्या आणि अण्णांना कुठल्याही गाडीत चढायचं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

काल अर्धंच लिहिलं होतं. गेल्या फेब्रुवारीत अण्णा पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. बोलणं जवळजवळ थांबलंय. पण पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाने ठोकतात. सुरुवातीला आम्ही ते नुसती सवय समजत होतो. मग लक्षात आलं, कधी एकदा ठोकतात, कधी दोनदा. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला. दोनदा ठोकलं की कूस बदलायची असते. एकदा ठोकलं की पुरे, भरवू नका. एरवी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, पण डबल बेल मिळाली की वेळ बघत नाही.

---

मधुमालती | ७ ऑगस्ट, सकाळी ११.२५

आमच्याकडे वडिलांसाठी ब्यूरोकडून मुलगा येतो. दर दोन महिन्यांनी नवा. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. आंघोळीला वडील मारायला धावतात, तर तो मुलगा हात धरून नेतो आणि मग आणखी आरडाओरडा. काही उपाय?

---

जुनी_सायकल | ७ ऑगस्ट, दुपारी १२.४०

मधुमालती, आमच्या मावशींकडून शिकलो ते सांगतो. आंघोळ म्हणायचंच नाही. "पाय धुऊन घेऊ" म्हणायचं. बादलीत कोमट पाणी, आधी पावलं, मग हात. शॉवर नको, डोक्यावरून अचानक पाणी आलं की ती घाबरते. अंगावर पंचा राहू द्यायचा, त्याखालून पुसायचं. नाही म्हणाली तर सोडून द्यायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या माणसाने विचारायचं. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट मी सोडला. आमच्या घरात पारोशाने कुणी जेवत नसे, तेव्हा मला ते सोपं गेलं नाही. बाथरूमच्या दाराशी काळं पायपुसणं होतं, तिथे ती अडून बसायची. तिला तो खड्डा वाटायचा. पायपुसणं काढलं, जायला लागली. आरशावर टॉवेल टाकलाय, त्यातली म्हातारी बाई कोण असं विचारायची.

---

अबोली_ठाणे | ७ ऑगस्ट, दुपारी २.१०

नव्या माणसासाठी मी वहीत एक पान लिहून ठेवलं आहे. आजाराचं काही नाही त्यात. वडिलांना काय म्हणून हाक मारायची, चहा बशीत ओतून लागतो, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, कोर्टाच्या गोष्टी काढल्या की खुलतात, पावकी-निमकी अजून न अडखळता म्हणतात. नव्या मुलाने पहिल्या दिवशी फक्त ते पान वाचायचं आणि त्यांच्याशेजारी बसायचं, काम दुसऱ्या दिवसापासून. ते पान मी दर महिन्याला बदलते, खोडाखोड होते. तरी लिहिते.

---

ओपीडीनंतर | ७ ऑगस्ट, रात्री १०.१५

थोडं कोरडं, पण वेळेवर न केल्यामुळे घरं अडचणीत आलेली पाहिली आहेत म्हणून लिहितो. निदान लवकर झालं असेल तर इच्छापत्र, बँकेतलं नामांकन, संयुक्त खातं हे माणूस स्वतः समजून सही करू शकतो तेव्हाच उरका. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, आपल्या कायद्यात ते देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आठवणीत ठेवा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आता आहे.

आणि कृष्णाकाठ, भरवताना अण्णांना पूर्ण बसतं करा, हनुवटी किंचित खाली. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर ते घट्ट करून देतात, पण ते गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाला विचारूनच.

---

कोरांटी | २९ ऑगस्ट, रात्री ११.०५

उशीर झाला, क्षमा करा. सगळ्यांना सांगायचं होतं.

आईंचं सोडियम १२४ निघालं, म्हणजे बरंच कमी. जूनमध्ये सुरू झालेल्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होताच. डॉक्टरांनी गोळी बदलली, चार दिवस दवाखान्यात ठेवलं. संशय बराच ओसरला, झोप परतली, माझ्या हातून गोळ्या घेतात. ओपीडीनंतर, तुमचे आभार कसे मानू? "आजार वाढला" असंच आम्ही धरून चाललो होतो.

पण संध्याकाळचा प्रश्न आहेच. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी दाराशी उभ्या राहिल्या. "हे आले नाहीत?" मी ठरवून काहीच तयार ठेवलं नव्हतं. मी विचारलं, "काळजी वाटतेय?" त्या म्हणाल्या, "दिवा लावायचा राहिलाय आणि वाती संपल्यात." एवढंच. मी दीड वर्ष बाबांचं उत्तर देत होते आणि त्यांना वाती हव्या होत्या. त्या दिवशी तरी.

कापूस काढून दिला. बोटाला राख लावून त्यांनी इतक्या सफाईने वात वळली की मी बघतच राहिले. ज्या हातांना बटण लावता येत नाही, त्यांना वात येते. मग रोज दिवेलागणीला वाती. नवराही ऑफिसातून लवकर येऊन शेजारी बसायला लागला. त्याची वात जाड व्हायची, मध्येच तुटायची. आई त्याच्या हातावर चापट मारून म्हणायच्या, "असं नाही, आधी राख लाव. पुन्हा कर." तो कोण हे त्यांना बहुतेक माहीत नव्हतं, वर्गातला कच्चा मुलगा असावा. पण "बाबा गेले" म्हणून सांगणारा माझा नवरा गेले दोन आठवडे रोज पुन्हा करत होता. एकदा आईंनी विचारलं, "हे कुठे आहेत?" तर तो म्हणाला, "मलाही त्यांची खूप आठवण येते." दोघं थोडा वेळ गप्प बसले आणि मग पुढची वात घेतली.

परवा आईंनी कापूस तोंडात घातला. बोळा घशात जाता जाता वाचल्या. काल पुन्हा. त्यामुळे वाती बंद करायला लागल्या. नवऱ्याला फार लागलं, तो म्हणत होता की आपण जवळ बसून लक्ष ठेवू. मी त्याला कृष्णाकाठ यांच्या ट्रेची आठवण दिली.

आज हातरुमाल दिले घड्या घालायला. पाच मिनिटं घातल्या, मग बाजूला सारले. उद्या मेथी निवडायला देऊन पाहणार आहे, ती तोंडात गेली तरी चालेल. शेंगा सोलायला देऊ नका असं दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, दाणे घशात अडकतात. हाताला राख लागेल आणि तोंडात घातलं तरी धोका नाही, असं आणखी काही सुचतंय का कुणाला?

---

सातूचं_पीठ | २९ ऑगस्ट, रात्री ११.३०

कणकेचा गोळा? आमची आजी शेवटी शेवटी त्याच्या गवल्या करायची. मिठाशिवाय मळा, राखेऐवजी तांदळाची पिठी लावा बोटाला. मोठा तुकडा तोंडात जाणार नाही एवढं बघा, शेजारी कुणीतरी बसाच.

---

कोरांटी | २९ ऑगस्ट, रात्री ११.३४

गवल्या! आई वाईला असताना गवल्यांचे डबे भरून ठेवायच्या लग्नघरांसाठी. उद्या करते. सांगते काय होतं ते.